वेव्हडॅश : एका अलिखित प्रयोगाचा इतिहास

व्याकरणाने सांगितलेला नाही, पण निषिद्धही ठरवलेला नाही, अशा प्रयोगाचे काय करायचे, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकांना नवा नाही. वैयाकरणाला अखेर प्रयोगाला शरण जावे लागते, असे आपली परंपरा मानते. मात्र शरण जाण्यापूर्वी तो किती काळ कुरकुरतो, आणि तो प्रयोग रूढ करणारी माणसे त्यासाठी काय किंमत मोजतात, याचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. प्रस्तुत लेखात आम्ही असा एक इतिहास मांडत आहोत. तो भाषेतला नाही. एका व्हिडिओ गेममधला आहे. साहित्याच्या वाचकांपुढे तो ठेवण्याचे कारण एवढेच की, कृती कोणाची, कर्त्याची की ती रात्रंदिवस हाताळणाऱ्यांची, हा आपल्या परिचयाचा वाद इथे फार उघडपणे खेळला गेला आहे.

'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' (यापुढे नुसते 'मेली') हा खेळ निन्टेन्डो कंपनीच्या गेमक्यूब या यंत्रासाठी २१ नोव्हेंबर २००१ रोजी जपानमध्ये आणि डिसेंबरात अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तो तयार केला एचएएल लॅबोरेटरी या संस्थेने, आणि त्याचे दिग्दर्शक होते मासाहिरो साकुराई. रूढ मारामारीच्या खेळांत प्रतिस्पर्ध्याची शक्ती संपवायची असते; इथे त्याला रंगमंचाबाहेर भिरकावायचे असते. जितका मार अधिक बसला असेल तितका तो पुढच्या वाराने दूर फेकला जातो. रंगमंच म्हणजे अधांतरी तरंगणारी जमीन आणि बहुधा तिच्यावर टांगलेल्या फळ्या. साहजिकच या खेळात वार किती जोरकस आहे यापेक्षा वार करताना आपण कोठे उभे आहोत, याला अधिक महत्त्व येते. खेळाचे सारे मर्म हालचालीत आहे, आणि आमचा विषयही एक हालचालच आहे. खेळाडू तिला 'वेव्हडॅश' म्हणतात.

तिची घडण समजून घेण्यासाठी खेळाचे तीन स्वतंत्र नियम ध्यानात घ्यावे लागतात. पहिला नियम उडीचा. उडीचे बटण दाबताच पात्र हवेत जात नाही. आधी ते क्षणभर गुडघ्यांत वाकते. पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते; या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. फॉक्स हे चपळ पात्र ३ फ्रेम वाकते, तर बाउझर हे अवजड पात्र ८ फ्रेम. दुसरा नियम हवेतील बचावाचा. हवेत असताना खांद्याकडचे बटण दाबले तर पात्र वार चुकवते, आणि दांडी ज्या दिशेला कलली असेल त्या दिशेला त्याचे शरीर ढकलले जाते. त्यानंतर मात्र जमिनीला पाय लागेपर्यंत ते असहाय असते. तिसरा नियम घर्षणाचा. जमिनीवर टेकताना अंगात जो आडवा वेग असेल तो एकदम नाहीसा होत नाही. घर्षणाने हळूहळू विरतो.

हे तिन्ही नियम निरनिराळ्या कारणांसाठी केलेले आहेत. त्यांचा समास खेळाडूंनी सोडवला तो असा : उडी मारायची, आणि पाय जमिनीवरून सुटतात न सुटतात तोच बचावाचे बटण दाबून दांडी तिरकी, खाली आणि बाजूला ढकलायची. पात्र हवेत जाताच पुन्हा जमिनीत शिरू पाहते; जमीन त्याला अडवते; आणि उरलेल्या आडव्या वेगाने ते उभ्याउभ्याच सरकत जाते. टेकल्यावर १० फ्रेम, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग, त्याला काही करता येत नाही. त्यानंतर ते पूर्ण मोकळे असते. अनेकांनी याला खेळातला दोष म्हटले. आमच्या मते हा शब्द चुकीचा आहे. इथे एकही नियम मोडलेला नाही. प्रत्येक नियम आपापल्या जागी यथास्थित चालतो. नवा आहे तो केवळ त्यांचा संयोग.

या सरकण्याचा उपयोग काय? 'मेली'मध्ये धावणाऱ्या पात्राला मोजकेच पर्याय असतात. उभ्याने करायचे कित्येक वार धावता धावता करता येत नाहीत. शिवाय मागे धावायचे तर पाठ फिरवावी लागते. वेव्हडॅशमध्ये पात्र सरकत असले तरी खेळाच्या दृष्टीने ते उभेच असते, आणि त्याचे तोंड जिकडे होते तिकडेच राहते. म्हणजे प्रतिस्पर्ध्यावर नजर ठेवून मागे हटता येते, त्याचा वार हवेत जाऊ देता येतो, आणि लगेच पुढे सरकून उलटा वार करता येतो. ढालीआड दबलेल्या पात्रालाही उडी मारता येत असल्यामुळे ढालीतून थेट सरकून बाहेर पडता येते. कडेकडे पाठीमागून सरकत जाऊन तिला लटकता येते, आणि परतू पाहणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची जागाच हिरावून घेता येते. घर्षण पात्रागणिक वेगळे असल्यामुळे एकाच प्रयोगाला प्रत्येकाच्या तोंडी निराळा उच्चार आला. लुइजीच्या पायांखाली जणू तेल सांडलेले असते. त्याच्याइतके लांब कोणीच सरकत नाही. पीच ही राजकन्या जेमतेम पाऊलभर हलते. मूळ खेळात विनोदी सहनायक म्हणून वावरणारा लुइजी या एका गुणामुळे गंभीर खेळाडूंच्या नजरेत भरला.

आता प्रभुत्वाविषयी. वर्णन वाचून ही क्रिया सोपी वाटेल. हाताला ती सोपी नाही. बचावाचे बटण क्षणभर आधी दाबले, तर वाकलेल्या पात्राला तो आदेश पोहोचतच नाही, आणि ते नुसती उडी मारते. क्षणभर उशीर झाला, तर ते आधी वर जाते, मग खाली येते, आणि ज्या वेळेच्या बचतीसाठी हा खटाटोप, तीच वेळ वाया जाते. फॉक्ससाठी हा अवधी सेकंदाचा विसावा भाग आहे; पात्र बदलले की तो बदलतो, आणि बोटांना मोजणी नव्याने शिकावी लागते. दिशेचे गणित याहून नाजूक आहे. गेमक्यूबच्या कंट्रोलरवरील दांडीभोवती अष्टकोनी चौकट असते. तिच्या कोपऱ्यात दांडी आपोआप बसते, पण तो कोन फार उभा पडतो आणि सरकणे आखूड होते. सर्वांत लांब सरकायचे तर दांडी आडव्या रेषेच्या किंचित खाली रोखावी लागते. अगदी आडवी झाली तर पात्र जमिनीला टेकतच नाही आणि हवेत असहाय लोंबकळते. म्हणजे उत्तम परिणाम आणि फजिती यांच्यामधले अंतर अंगठ्याच्या एका सूक्ष्म हालचालीएवढे. कालांतराने काही खेळाडू त्या चौकटीच्या कडेला कानशीने बारीक खाच पाडून घेऊ लागले, जेणेकरून दांडी नेमकी तिथेच अडावी. वीणेच्या पडद्यांची जागा कानाने ठरवणाऱ्याला या खटपटीचे नवल वाटणार नाही.

हा सारा रियाज खेळाच्या पुस्तिकेत सांगितलेला नव्हता. मग कर्त्याला तो ठाऊक होता काय? साकुराईंनी २००८ साली 'निन्टेन्डो पॉवर' या नियतकालिकाच्या मुलाखतीत सांगितले की, असे सरकता येते हे त्यांच्या निर्मितीकाळातच लक्षात आले होते. 'मेली' अवघ्या १३ महिन्यांत घडवलेला खेळ आहे, आणि ही फट त्यात तशीच राहिली. त्या काळी घरी गेलेली तबकडी नंतर दुरुस्त करता येत नसे. छापून बाहेर पडलेल्या पुस्तकासारखी ती कर्त्याच्या हातून कायमची सुटलेली होती. अमेरिकेत २००४ ते २००६ या काळात 'मेजर लीग गेमिंग' या व्यावसायिक स्पर्धामालिकेत 'मेली' खेळला गेला, आणि केन होआंगसारख्या खेळाडूंच्या हाती वेव्हडॅश हा चमत्कार न राहता नित्याचा शब्द झाला.

कर्त्याचे उत्तर २००८ साली आले. 'सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल' या पुढच्या खेळात हवेतील बचावाची दिशा ठरवण्याची सोयच काढून टाकण्यात आली. तिच्याबरोबर वेव्हडॅशही गेला. शिवाय धावायला निघालेले पात्र मधूनच, विनाकारण, अडखळून पडू लागले. त्याच मुलाखतीत साकुराईंनी कारणही दिले : नवखे आणि निष्णात यांच्यातील दरी वाढत चालली होती, आणि खेळ सर्वांसाठी न्याय्य असावा, ही त्यांची इच्छा होती. २०१० साली एका जपानी नियतकालिकातील आपल्या सदरात तर त्यांनी स्वतःलाच दोष दिला. मारामारीचे खेळ जाणकारांपुरते उरले म्हणून आपण ही मालिका सुरू केली, आणि मग 'मेली' जाणकारांसाठीच का बनवला, असा त्यांचा सूर होता.

या युक्तिवादाची चेष्टा करणे सोपे आहे, आणि 'मेली'च्या भक्तांनी ती पुष्कळ केली. आम्हांला ती अन्यायाची वाटते. जो लेखक आपली भाषा सामान्य वाचकापर्यंत पोहोचावी म्हणून झटतो, त्याला आपल्याच एका पुस्तकाचा पंथ बनलेला पाहून अस्वस्थ वाटणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या बाजूने, ज्यांनी वर्षानुवर्षे बोटे झिजवून एक शब्द कमावला, त्यांना तो नव्या आवृत्तीत गाळलेला पाहून राग येणेही तितकेच स्वाभाविक आहे. अनेक जण जुन्या तबकडीकडे परतले. काहींनी 'ब्रॉल'चीच घडण बदलून 'प्रोजेक्ट एम' नावाचा अनधिकृत पाठ सिद्ध केला, आणि २०११ पासून वेव्हडॅश त्यात पुन्हा अवतरला. हे काम २०१५ च्या अखेरीस थांबले. २०१३ साली लास व्हेगासच्या 'इव्हो' स्पर्धेत कोणत्या खेळाला जागा मिळावी, हे स्तनकर्करोगाच्या संशोधनासाठी जमवलेल्या देणग्यांवर ठरणार होते. 'मेली'च्या चाहत्यांनी ९४,००० डॉलरांहून अधिक रक्कम जमवून, बारा वर्षांचा जुना खेळ तिथे नेला. निन्टेन्डोने प्रक्षेपणाला आधी मनाई केली, आणि ओरड होताच काही तासांत ती मागे घेतली.

इथे आम्हांला दोन्ही पक्षांच्या एका समान गृहीतकावर बोट ठेवावेसे वाटते. साकुराई वेव्हडॅशला भिंत समजले, भक्त त्याला किल्ली समजले. पण प्रभुत्व या एका क्रियेत साठवलेले आहे, असे दोघेही मानत होते. इतिहास तसे सांगत नाही. स्वीडनचा आर्माडा हा खेळाडू वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिला, तो प्रामुख्याने पीचच्या बळावर. तीच पीच, जी जेमतेम पाऊलभर सरकते. २०१६ ची 'इव्हो' स्पर्धा हंग्रीबॉक्सने जिग्लीपफ हे पात्र घेऊन जिंकली, आणि जिग्लीपफचा संसार जमिनीपेक्षा हवेत अधिक. हे दोघेही वेव्हडॅश जाणत होते. पण त्यांचे मोठेपण प्रतिस्पर्ध्याचे मन वाचण्यात होते. उलट 'ब्रॉल'मधून वेव्हडॅश गेला, तरी निष्णात आणि नवखे यांच्यातील दरी बुजली नाही. ती दुसऱ्या ठिकाणी पडली. अलंकार काढून घेतल्याने कोणी कवी होत नाही, आणि अलंकार पाठ केल्यानेही होत नाही.

या इतिहासाचा जमाखर्च मांडताना देहाचा खर्च विसरता येणार नाही. मिनिटाला शेकडो वेळा बटणे दाबणाऱ्या हातांनी त्याची किंमत मोजली. हॅक्स या नावाने प्रसिद्ध असलेल्या न्यूयॉर्कच्या खेळाडूला हाताच्या दुखण्यामुळे शस्त्रक्रिया करून घ्याव्या लागल्या. त्यातूनच त्याने दांडी नसलेला, केवळ बटणांचा 'बॉक्स' हा कंट्रोलर घडवला. मग बटणांनी साधलेला अचूक कोन हे कौशल्य की सवलत, असा नवा वाद सुरू झाला. आणि योगायोग असा की, खुद्द साकुराईंनाही २०१३ च्या सुमारास उजव्या हाताच्या स्नायुबंधांच्या दुखण्याने गाठले. काम करणे त्यांनाही जड जात होते. कर्ता आणि भोक्ता यांचा हक्कांवरून कितीही वाद असो, दुखणे दोघांचे एकच निघाले.

२०१८ च्या 'अल्टिमेट' या खेळात बचावाची दिशा ठरवण्याची सोय परत आली, पण जमिनीवर टेकल्यानंतरचा खोळंबा इतका वाढवलेला की वेव्हडॅश करता येतो, त्याचा लाभ मात्र फारसा उरत नाही. शब्द कोशात परतला, पण अर्थ गमावून. जून २०२० मध्ये 'स्लिपी' या चाहत्यांनी रचलेल्या प्रणालीमुळे 'मेली' इंटरनेटवरून सफाईने खेळता येऊ लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात निन्टेन्डोच्या कायदेशीर नोटिशीमुळे ती वापरणारी 'द बिग हाउस ऑनलाइन' ही स्पर्धा रद्द करावी लागली. मालकी कोणाची, याचा कायद्याने दिलेला निकाल स्पष्ट आहे, आणि त्याविषयी आम्हांला काही म्हणायचे नाही. मात्र कायदा ज्याची नोंद ठेवत नाही असे काहीतरी त्या जुन्या तबकडीतून निर्माण झाले आहे. ते कर्त्याने लिहिले नाही, त्याच्या नियमांवाचून ते संभवतही नव्हते, आणि कोणाच्याही घरी ते अंगठा, कान आणि चिकाटी यांच्या बळावर पुन्हा पहिल्यापासूनच शिकावे लागते. परंपरा या शब्दाने आपण ज्याचा निर्देश करतो, ते याहून फारसे वेगळे नसावे.