वैद्य विधिमंडळात जातो तेव्हा



निवडणूक आली की आपल्या अमरावती-अकोल्यात एखाद्या डॉक्टरांचे नाव उमेदवारांच्या यादीत हटकून दिसते. लोकांस त्याचे समाधान वाटते. ज्याने हजारोंच्या नाड्या तपासल्या त्याला आपले दुखणे कळणार नाही तर कोणाला, असा हा सरळ हिशेब. तो खोटा नाही. पण अपुरा आहे. कसा, ते इतिहासाच्या आधारे पाहावे असा आमचा विचार आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. तेव्हा पंडिती विवेचनाची अपेक्षा आपण ठेवू नये.

प्रथम १९३७ साल घ्या. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या ११२ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला बहुमत मिळाले आणि नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्य मंत्र्यास तेव्हा हेच नाव होते. मंत्रिमंडळात अकोल्याचे गोळे आणि अमरावतीचे बॅ. रामराव देशमुख होते. मुख्य जागी डॉक्टर आणि शेजारी वऱ्हाडचे दोन मंत्री. याहून चांगला योग कोणता? पण मराठी व हिंदी भागांतील मंत्र्यांच्या बेबनावात हे मंत्रिमंडळ १९३८ च्या जुलैत कोसळले. त्या भांडणात रोग्याचा प्रश्न नव्हता. असणार कसा? मताचा हक्क तेव्हा मालमत्ता, कर वा शिक्षण पाहून मिळे. ज्याच्या घरी औषधाला पैसा नव्हता, त्याच्या घरी बहुधा मतही नव्हते.

डॉक्टराने राजकारणात का पडावे, याचे उत्तर जर्मनीत रुडॉल्फ फिरखो यांनी दिले होते. १८४८ साली सायलेशियातील साथ पाहावयास सरकारने त्यांना धाडले. त्यांनी साथीचे मूळ दारिद्र्य व अज्ञान यांत दाखविले आणि उपाय म्हणून स्वराज्य व शिक्षण सुचविले. पुढे ते बर्लिनच्या नगरसभेवर आणि प्रशियाच्या विधिमंडळावर निवडून आले.

आपल्या महाराष्ट्रात हाच रस्ता डॉ. दत्ता सामंत यांना घाटकोपरच्या दवाखान्यात सापडला. त्यांच्याकडे दगडखाणींतील मजूर येत. छातीत धूळ साठलेल्या मजुराला बाटलीभर औषध देऊन पुन्हा त्याच खाणीत पाठवावयाचे, याला उपचार कसे म्हणावे? डॉक्टर मजुरीच्या प्रश्नाकडे वळले आणि १९७२ साली काँग्रेसच्या तिकिटावर विधानसभेत गेले. तथापि त्यांचे नाव झाले ते गिरणीच्या फाटकावर. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप हरला, तरी १९८४ साली कामगारांनी त्यांना लोकसभेवर पाठविले. १६ जानेवारी १९९७ रोजी त्यांचा खून झाला. त्यांच्या मार्गाविषयी आम्हा संघटनेच्या माणसांतही दुमत आहे. पण दुखण्याची किंमत मजुरीत मोजावी लागते, हे त्यांनी ओळखले होते, याविषयी दुमत नाही.

आता घरचे पाहू. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. कामगाराने व मालकाने वर्गणी भरावी आणि कामगाराला औषधोपचार हक्काने मिळावा, ही त्यातील योजना. मात्र हंगामी कारखाने कायद्याने वगळले, आणि त्या कारखान्यांच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग व प्रेसिंग स्पष्ट शब्दांत आले. म्हणजे रुईचे सूत करणारा गिरणी कामगार विम्यात आला. तीच रुई सरकीपासून वेगळी करणारी आमची वऱ्हाडातील बाई बाहेर राहिली. धूळ दोघांच्याही छातीत जात होती.

अशीच एक बाई एकदा आमच्या संघटनेच्या कचेरीत आली. हातात चिठ्ठी होती. म्हणाली, "भाऊ, डाक्टरची फी तं देल्ली, आता चिठ्ठीवरल्या दवाईले पैसे कोठून आनू?" आम्ही कायद्याचे पुस्तक काढले आणि तिला सांगण्याजोगे त्यात काहीच सापडले नाही. त्या दिवशीची शरम आम्ही विसरलो नाही.

तो कायदा दिल्लीचा होता, हे खरे. पण सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय राज्यघटनेने राज्यांच्या सूचीत घातला आहे. उणीव भरून काढणे राज्याच्या विधिमंडळाच्या हाती होते. काही भरलीही. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ च्या जुलैत आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत अमरावती होती, अकोला नव्हता. अकोल्याला २०१३ उजाडावे लागले. जिल्ह्याची एक शीव ओलांडली की तोच रोगी हक्काबाहेर! शिवाय ही योजना दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांची. रोजच्या गोळीची नव्हे. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, ही मोठीच गोष्ट. पण सरकारी कपाट रिकामे असेल तर चिठ्ठी बाहेरच्याच दुकानी जाते.

या काळात आपले डॉक्टर सभागृहात नव्हते काय? होते. डॉ. सुनील देशमुख अमरावतीतून, डॉ. अनिल बोंडे मोर्शीतून, अकोल्याचे डॉ. रणजित पाटील पदवीधरांतून निवडून गेले. मंत्रीही झाले; पण डॉ. पाटील गृहखात्याचे राज्यमंत्री, तर डॉ. बोंडे कृषिमंत्री. त्यांच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. डॉक्टर निवडून दिल्याने आरोग्यखाते निवडून येत नाही, एवढेच यातून घ्यावे.

तेव्हा डॉक्टर उमेदवार दारी आले तर त्यांचा आदर करावा, आणि विचारावे: डॉक्टरसाहेब, कायद्याच्या कोणत्या ओळीने आमच्यापैकी कोण बाहेर राहिले आहे? ती ओळ बदलण्यासाठी आपण काय कराल? आणि पुढच्या हंगामात पुन्हा विचारावे. एकट्या माणसाचा प्रश्न विसरला जातो. संघटनेचा विसरला जात नाही. औषध दयेने मिळाले तर एका घरास पुरते. हक्काने मिळाले तरच ते जिनातल्या बाईपर्यंत पोचते.