‘मोबाईल फ्लाइट मोडवर ठेवा’ : एका सूचनेचा इतिहास

१/ विमान सुटण्यापूर्वी होणारी ही सूचना सर्वांच्या परिचयाची. तिचे मूळ मात्र मोबाईलमध्ये नाही. ते आहे १९६१ सालच्या अमेरिकेत, हातात घेऊन फिरता येणाऱ्या रेडिओत. (थ्रेड)

२/ १९५० च्या दशकात ट्रान्झिस्टरमुळे रेडिओ दिवाणखान्यातून बाहेर पडला आणि प्रवाशांबरोबर विमानातही आला. रेडिओ तर केवळ ऐकतो, बोलत नाही. मग त्याचा उपद्रव तो कसला?

३/ मेख होती त्याच्या अंतरंगात. केंद्र लावताना एफएम संच स्वतःच एक क्षीण लहर निर्माण करतो. तिची वारंवारता त्या केंद्राहून सहसा १०.७ मेगाहर्ट्झ अधिक असते. १०० वरील केंद्र लावले, की संचातून ११०.७ ची लहर झिरपू लागते.

४/ आणि १०८ ते ११८ मेगाहर्ट्झ हा पट्टा कोणाचा? जमिनीवरील केंद्राच्या संदर्भाने दिशा सांगणाऱ्या ‘व्हीओआर’ यंत्रणेचा! ढगांत शिरलेल्या वैमानिकाची भिस्त याच यंत्रणेवर. म्हणून १९६१ मध्ये अमेरिकेच्या एफएए या संस्थेने उड्डाणात असे संच वापरण्यास मनाई केली.

५/ १९६६ च्या नियमाने हे क्षेत्र विस्तारले. श्रवणयंत्र, पेसमेकर, ध्वनिमुद्रक व इलेक्ट्रिक शेव्हर यांना सूट मिळाली. इतर उपकरणे निर्धोक आहेत का, हे विमानकंपनीने ठरवायचे. प्रत्येक उपकरण प्रत्येक विमानात तपासणे अशक्यप्राय. सरसकट ‘बंद करा’ म्हणणे सोपे.

६/ उडत्या विमानातील मोबाईलवर स्वतंत्र बंदी आली १९९१ मध्ये, आणि तीही दूरसंचार नियामक एफसीसीची. कारण विमान नव्हे, जमीन! तीच वारंवारता दूरदूरच्या मनोऱ्यांवर पुन्हा पुन्हा वापरली जाते. आकाशातील फोन एकाच वेळी अनेक मनोऱ्यांच्या टप्प्यात येतो आणि खालच्या संभाषणांत व्यत्यय येऊ शकतो.

७/ ऑक्टोबर २०१३ मध्ये एफएएने धोरण बदलले. आपले विमान या लहरींना दाद देत नाही, हे कंपनीने दाखवून दिल्यास उड्डाण व अवतरणाच्या वेळीही उपकरणे वापरता येऊ लागली. मोबाईल जोडणी मात्र बंदच. भारतात डीजीसीएने २०१४ मध्ये फ्लाइट मोडमधील वापरास मुभा दिली. २०१८ च्या नियमांनी ३,००० मीटरच्या वर मोबाईल व इंटरनेट सेवेची वाट मोकळी केली.

८/ एक बंदी वैमानिकाच्या यंत्रांसाठी, दुसरी जमिनीवरील मनोऱ्यांसाठी. प्रवाशांच्या लेखी दोन्ही एकच झाल्या. ‘फोनमुळे विमान पडते’ असे १९६६ चा नियम कुठेही म्हणत नाही. त्याचा दंडक वेगळा होता : धोका नाही, हे आधी दाखवा; मग वापरा. बंदी सैल झाली ती हा दंडक मोडून नव्हे, तर तो पाळून.