मुलुंडच्या फ्लॅटधारकांची घरं कागदोपत्री जंगलात कशी गेली होती?

रीतसर पैसे मोजून, स्टॅम्प ड्युटी भरून फ्लॅट घेतला. महापालिकेने नकाशा मंजूर केला होता, पाणी-वीज सुरू होती, प्रॉपर्टी टॅक्सची पावती दरवर्षी यायची. आणि मग एक दिवस कळलं की ही जमीन 1975 पासूनच सरकारची आहे, कारण कागदोपत्री ते ‘खासगी वन’ आहे.

मुलुंडमधल्या अनेक सोसायट्यांच्या बाबतीत हे खरंच घडलं. नाहूर, भांडुप, विक्रोळी, कांदिवली इथलेही लोक यात अडकले.

मुळात भानगड सुरू झाली 1950च्या दशकात. भारतीय वन कायदा, 1927 च्या कलम 35 नुसार सरकार खासगी जमिनीवरच्या झाडतोडीवर बंदी घालू शकतं. पण त्याआधी 35(3)ची नोटीस देऊन मालकाचं म्हणणं ऐकावं लागतं. त्या काळात अशा नोटिसा निघाल्या आणि पुढे बऱ्याच ठिकाणी काहीच झालं नाही. सुनावणी नाही, अंतिम अधिसूचना नाही. फाइल तशीच पडून.

मग आला महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायदा. 30 ऑगस्ट 1975 पासून राज्यातली खासगी वनं सरकारजमा झाली. ‘खासगी वन’ कशाला म्हणायचं, या व्याख्येत 35(3)ची नोटीस ‘निघालेली’ जमीनही होती. सगळा वाद या एका शब्दाचा.

गंमत म्हणजे (रहिवाशांसाठी अजिबात गंमत नव्हती) त्यानंतरही तीसेक वर्षं सरकारी यंत्रणांनीच या जमिनींवर इमारतींना परवानग्या दिल्या. विकास आराखड्यात हा भाग निवासी दाखवला. एका जनहित याचिकेत उच्च न्यायालयाने नोंदी दुरुस्त करायला सांगितलं, तेव्हा 2006च्या सुमारास महसूल दप्तरात ‘खासगी वन’ असे शेरे पडू लागले. असा शेरा असलेलं घर विकत घेणार कोण, आणि त्यावर कर्ज देणार कोण?

24 मार्च 2008 ला मुंबई उच्च न्यायालयात रहिवासी आणि बिल्डर हरले. नोटीस निघाली एवढं पुरेसं आहे, असं कोर्टाने म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाचा 2000 सालचा एक निकालही त्याच बाजूचा होता.

30 जानेवारी 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने हे उलटवलं. खटला ‘गोदरेज अँड बॉइस विरुद्ध महाराष्ट्र सरकार’ या नावाने ओळखला जातो, कारण विक्रोळीची जमीन गोदरेजची होती. पण मुलुंडची प्रकरणंही त्यातच होती. कोर्टाचं म्हणणं असं: नोटीस नुसती काढून चालत नाही, मालकाला बजावावी लागते. आणि ती ‘जिवंत’ हवी, म्हणजे 1975 मध्ये कायदा आला तेव्हा तिच्यावर खरोखर कार्यवाही चालू असायला हवी. दशकानुदशकं धूळ खात पडलेल्या नोटिशीवर सरकारला हक्क सांगता येणार नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो घर घेणाऱ्यांबद्दलचा भाग. ‘खरेदीदाराने स्वतः खातरजमा करायला हवी होती’ हा नियम इथे कोर्टाने लावला नाही. सरकारी परवानग्या बघून घर घेणाऱ्याने सरकारवर विश्वास ठेवायचा नाही, तर मग कुणावर, असा कोर्टाचा रोख होता.

याचा अर्थ सगळी खासगी वनं मोकळी झाली असा नाही. जिथे प्रक्रिया पूर्ण झाली, तिथली जमीन आजही सरकारचीच.

त्यामुळे डोंगराच्या बाजूला घर घेत असाल तर प्रॉपर्टी कार्डासोबत जुना सातबारा, त्यातला ‘इतर हक्क’ रकाना आणि फेरफार वकिलाकडून तपासून घ्या. नव्या प्रोजेक्टचा टायटल रिपोर्ट महारेराच्या साइटवर बघता येतो. आणि जमिनीच्या मालकीतच खोट निघाली, तर रेरा कायद्याच्या कलम 18(2) नुसार बिल्डरकडे नुकसानभरपाई मागता येते. या दाव्याला मुदतीची अट नाही.