कायरोप्रॅक्टिकचा पहिला रुग्ण

कंबर धरली, मान अवघडली की लोक कायरोप्रॅक्टरकडे जातात, हे तुम्ही ऐकले असेल. पण या उपचाराची सुरुवात झाली ती बहिरेपणापासून. १८९५ साली अमेरिकेतील डेव्हनपोर्ट येथे डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि १७ वर्षांचे बहिरेपण गेले, असे पामर सांगत. ऐकण्याचा मज्जातंतू कानातून थेट मेंदूकडे जातो, पाठीच्या मणक्यांतून नव्हे, हे येथे ध्यानात घ्या. तरीही पुढे त्यांनी ९५ टक्के रोगांचे खापर सरकलेल्या मणक्यांवर फोडले. १९०६ मध्ये परवान्याविना वैद्यकी केल्याबद्दल ते तुरुंगातही गेले. आज बहुतेक रुग्ण येतात ते कंबर, मान किंवा डोके दुखते म्हणून. कंबरदुखीत काहींना आराम पडतो, साधारण व्यायामाने पडतो तितकाच.