अध्यक्षाविना सभा

दिल्लीच्या उत्तरेस, बुराडीच्या बाजूच्या विस्तीर्ण मैदानावर १२ डिसेंबर १९११ रोजी सम्राट पाचवे जॉर्ज यांचा दरबार भरला. कोणत्या संस्थानिकाने कोठे बसावयाचे, कितव्या क्रमाने पुढे यावयाचे, किती वेळा लवावयाचे आणि परत फिरताना तोंड कोणत्या दिशेला ठेवावयाचे, हे सारे आधीच ठरलेले होते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड पुढे आले, एकदाच किंचित लवले आणि सम्राटाकडे पाठ करून चालते झाले. एवढ्यावरून इंग्लंडच्या वृत्तपत्रांत गहजब उडाला, राजद्रोहाची कुजबुज झाली आणि महाराजांना व्हाइसरॉयकडे खुलाशाचे पत्र धाडावे लागले. दरबार ही शेवटी एक सभाच. परंतु त्या सभेत बोलावयाचे काय आणि कोणी, हे सभेला आलेल्यांच्या हाती नसते. त्यांच्या हाती फार तर पाठ फिरवणे उरते.

याच्या अगदी उलट तऱ्हेची एक सभा त्याच दिल्लीच्या परिसरात, यमुनेपलीकडे नोएडा येथे, २००६ च्या मार्च महिन्यात भरली. जमलेली मंडळी संगणकाच्या व्यवसायातली होती. सभेला अध्यक्ष नव्हता आणि छापील कार्यक्रमपत्रिकाही नव्हती. भिंतीवर एक कोरा तक्ता लावावयाचा, त्यात वेळ आणि जागा यांचे रकाने आखावयाचे आणि ज्याला काही सांगावयाचे वा विचारावयाचे असेल त्याने आपला विषय रकान्यात लिहावयाचा, अशी या सभांची पद्धत. येणाऱ्याने प्रेक्षक म्हणून येऊ नये, काहीतरी हातभार लावावयास यावे, हा पहिला दंडक. ‘बारकॅम्प’ या नावाने हा प्रकार २००५ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो या गावी सुरू झाला. त्या पहिल्या सभेची तयारी आठवड्याभराच्या आत झाली होती.

या घराण्याचा एक मूळ पुरुष म्हणजे अमेरिकन संयोजक हॅरिसन ओवेन. वर्षभर राबून त्याने एक मोठी परिषद उभारली आणि शेवटी लोक त्याला म्हणाले की, सर्वांत उपयुक्त काय झाले असेल तर मधल्या कॉफीच्या सुट्टीतल्या गप्पा. माणूस खट्टू झाला खरा, पण त्याने बोध नेमका घेतला. १९८५ साली त्याने जी परिषद बोलावली तिच्यात वर्तुळात मांडलेल्या खुर्च्या आणि एक मोकळी भिंत यांपलीकडे काही तयारी नव्हती. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाच्या एका खेड्यात पूर्वी पाहिलेले वर्तुळ त्याच्या मनात होते. पुढे ‘ओपन स्पेस’ या नावाने ही रीत जगभर पसरली. तिचे दंडक मोजके आहेत. जे आले तेच योग्य लोक समजावे, न आलेल्यांसाठी हळहळू नये. घड्याळापेक्षा विषयाच्या ओघाला मान द्यावा. बोलणे संपले की बैठक संपवावी. आणि जेथे आपण काही देत नाही वा घेत नाही असे वाटेल, तेथून आपल्या दोन पायांनी उठून दुसऱ्या घोळक्यात जावे. सयाजीरावांनी पाठ फिरवली तो अपराध ठरला; येथे तो सभासदाचा हक्क झाला, नव्हे कर्तव्य झाले.

संयोजकाचे काम काय? आपल्या संस्कृत नाटकांतील सूत्रधारासारखे. त्याने नांदीनंतर यावे, प्रयोगाचे निमित्त सांगावे आणि रंगमंच मोकळा करावा. प्रयोग चालू असताना मध्येच येऊन पात्रांना संवाद शिकवणारा सूत्रधार कोणी पाहिलेला नाही.

हे सारे नवे आणि पश्चिमेकडून आलेले आहे, असे मात्र समजू नये. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिल्लीत संविधान सभेपुढे केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एका गोष्टीकडे लक्ष वेधले होते. बौद्ध भिक्षूंच्या संघांना संसदीय कामकाजाचे नियम पूर्ण परिचित होते. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतांची मोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक प्रस्ताव, या सर्वांचे नियम त्यांच्यापाशी होते. बुद्धाने ते तत्कालीन राजकीय सभांवरून घेतले असावेत, असे बाबासाहेबांचे मत होते. भारताने ही लोकशाही पद्धती एकदा गमावली. ती पुन्हा गमावली जाईल काय, ही चिंता त्यांनी त्याच भाषणात बोलून दाखवली.

विनयपिटक उघडून पाहिले की या विधानामागील तपशील दिसू लागतो. मांडावयाच्या प्रस्तावाला ‘ञत्ति’ म्हणत. महत्त्वाच्या कामात प्रस्ताव एकदा मांडून मग तीनदा उच्चारावयाचा. ज्यांना मान्य असेल त्यांनी मौन पाळावे, ज्यांना अमान्य असेल त्यांनी बोलावे. कोणत्या कामाला किती भिक्षू हवेत याची संख्या ठरलेली होती: चार, पाच, दहा, वीस. आजारी भिक्षूला येता आले नाही तर त्याची संमती दुसऱ्याकरवी कळवण्याची सोय होती. चर्चेला अंतच लागेना तर प्रश्न निवडक भिक्षूंच्या लहान समितीकडे सोपवला जाई. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत दोन्ही पक्षांकडून चार-चार भिक्षू असे निवडले गेले. त्याच प्रसंगी आसने मांडण्याचे काम अजित नावाच्या भिक्षूकडे देण्यात आले. तो दीक्षा घेऊन दहाच वर्षे झालेला, म्हणजे त्या वृद्धांच्या मेळाव्यात कनिष्ठच. बैठक मांडणाऱ्या माणसाचे नाव इतिहासाने जपून ठेवावे, हे थोडे नवलाचे आणि फार उचित आहे. कोण कोठे बसतो, यावर सभेत कोण बोलणार हे पुष्कळदा ठरते. बुराडीच्या मैदानावर तर ते तसे ठरलेच होते.

मते घेण्यासाठी लाकडाच्या शलाका वापरीत आणि त्या वाटून गोळा करणारा ‘शलाकाग्राहापक’ संघ स्वतः नेमी. त्याच्या अंगी पाच गुण हवेत: त्याने आवडीने झुकू नये, द्वेषाने झुकू नये, मोहाने झुकू नये, भयाने झुकू नये आणि कोणती शलाका घेतली गेली, कोणती नाही, हे त्याला नीट कळावे. सभेच्या सूत्रधाराची एवढी नेमकी पात्रता जुन्या वाङ्मयात क्वचितच सापडेल. शेवटचा गुण तर फार मार्मिक आहे. निःपक्षपाती पण गबाळा संयोजक सभेच्या कामाचा नाही.

तथापि त्याच ग्रंथात पुढे एक नियम आहे, तोही दडवू नये. गुप्त रीतीने शलाका घेतल्यावर अधर्मवादी बहुसंख्य आहेत असे दिसले, तर शलाकाग्राहापकाने शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत असे म्हणून त्या पुन्हा घ्याव्यात. म्हणजे ज्याने कोठेही झुकावयाचे नाही, त्याच्याच हाती निकाल फिरवण्याची किल्ली! हेतू धर्मरक्षणाचा असेल. पण सर्वांच्या नावाने चालणाऱ्या सभेत संयोजक आपल्या मनातला निकाल कसा हळूच आणू शकतो, याचे इतके जुने आणि इतके उघड उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

संविधान सभेतील त्या भाषणाला दोन वर्षे होतात न होतात तोच आणखी एक महाराष्ट्रीय पुरुष सभेचा दुसराच विचार घेऊन दिल्लीत आला. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या मसुद्यावर चर्चा करण्यासाठी पंडित नेहरूंनी विनोबा भाव्यांना आमंत्रण दिले. विनोबांनी वाहन नाकारले. १२ सप्टेंबर १९५१ रोजी पवनारहून ते पायी निघाले आणि दोन महिन्यांनी, नोव्हेंबरात, राजघाटावरच्या झोपडीत उतरले. नियोजन मंडळाचे सदस्य त्या झोपडीत त्यांच्याशी बोलावयास आले. योजनेत त्यामुळे काय बदलले आणि काय नाही, हा निराळा विषय; परंतु कोणी कोणाकडे जावयाचे, हा सभेतला पहिला आणि न बोललेला ठराव त्या वेळी उलटा झाला.

‘पंच बोले परमेश्वर’ ही म्हण विनोबांना फार प्रिय होती. आता तीन विरुद्ध दोन झाले की तिघांच्या मुखी परमेश्वर बोलला असे मानतात, याची ते थट्टा करीत. पाचही एका मुखाने बोलतील तोवर थांबावे, हा त्यांचा आग्रह. हा आग्रह पुष्कळांना भाबडा वाटला. परंतु गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा या लहानशा गोंड गावाने तो प्रत्यक्षात उतरवून दाखवला. मेंढा हे लेखा गटग्रामपंचायतीतले गाव, म्हणून ‘मेंढा-लेखा’ या जोडनावानेच ते सर्वत्र ओळखले जाते. १९८० नंतरच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध जे आंदोलन झाले, त्याच्या वातावरणात हे गाव जागे झाले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या गावाची. घोषणा पुष्कळ गावे देतात. मेंढ्याने तिच्यामागे सभेची एक शिस्त उभी केली, हे त्याचे वैशिष्ट्य.

त्या शिस्तीचा गाभा असा की, निर्णय बहुमताने करावयाचा नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलावा, पुन्हा बोलावे, पुन्हा थांबावे. हरलेला गट मनात कुढत राहतो आणि अंमलाच्या वेळी आडवा येतो; म्हणून आज गेलेला वेळ पुढे भरून निघतो, असा हा रोकडा हिशेब. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तिची चर्चा कमी होते. गावाने ‘अभ्यासगट’ आणि ‘ग्रामसभा’ असे दोन भाग वेगळे ठेवले. अभ्यासगटात हवा तो येतो, बाहेरचा जाणकारही येतो. तेथे माहिती गोळा होते, शंका निघतात, वाद होतो, पण निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत आणि तो गावकऱ्यांचाच. मधमाश्या न मारता मध काढण्याची रीत असो की जंगलाच्या कायद्यातील कलम असो, आधी अभ्यास झाला. जाणत्याचे ज्ञान सभेला मिळावे, पण त्याचे वजन सभेवर पडू नये, अशी ही योजना. देवाजी तोफा हे त्या गावचे कर्ते पुरुष आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले साहाय्यक. मोहनभाऊ गावाचे पुढारी झाले नाहीत. एवढी वर्षे सोबत राहून पुढारी न होणे, ही संयोजकाची खरी कसोटी म्हणावी लागेल.

येथे बाबासाहेबांचे दुसरे भाषण आठवते आणि ते आठवलेच पाहिजे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी खेड्यांविषयी अत्यंत कठोर शब्द वापरले. अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयता यांचे ते आगर आहे असे सांगितले. ज्यांना चावडीवर बसण्याचाच अधिकार नव्हता, त्यांना पाचामुखी परमेश्वर कसा ऐकू यावा? एकमताच्या सभेत दुबळ्याचे मौन संमती म्हणून मोजले जाण्याचा धोका बहुमताच्या सभेपेक्षा अधिक असतो, कारण तेथे विरोधाची नोंदसुद्धा उरत नाही. मेंढा हे एकाच जमातीचे गाव आहे. तेथले यश अनेक जातींच्या, जमीनदार आणि मजूर असलेल्या गावावर जसेच्या तसे लावता येणार नाही.

अमेरिकेतही ही गोष्ट लक्षात यावयास वेळ लागला नाही. स्त्रीमुक्तीच्या चळवळीतील नेतृत्वहीन गटांविषयी जो फ्रीमन या विदुषीने १९७० साली एक भाषण केले. तिचे म्हणणे असे की, रचना नसलेला गट अस्तित्वातच नसतो. नियम लिहिले नाहीत म्हणजे ते मैत्रिणींच्या कोंडाळ्यात मुरतात आणि नव्या बाईला ते कधी कळतच नाहीत. जी सत्ता कोणाच्या हाती आहे असे कबूलच केले जात नाही, तिला जाब कसा विचारावा? नोएडातल्या कोऱ्या तक्त्यालाही हा प्रश्न लागू आहे. तक्ता सर्वांसाठी कोरा असतो, पण खडू उचलण्याचा सराव सर्वांना नसतो. ज्याला चारचौघांत बोलण्याची सवय आहे तो पहिला रकाना भरतो.

म्हणून अशा सभेच्या संयोजकाला मागे सरावयाचे असले तरी त्याआधी पुष्कळ करावयाचे असते. नियम थोडे ठेवून ते सर्वांना दिसतील असे लिहावे. बैठक वर्तुळात मांडावी आणि दाराजवळ अंग चोरून बसलेल्याला आत जागा करून द्यावी. मौनाला संमती समजण्यापूर्वी गप्प राहिलेल्याला एकदा तरी विचारावे. उठून जाणाऱ्याला अडवू नये, पण सारेच एका कोपऱ्यातून उठत असतील तर तिकडे लक्ष द्यावे. काय ठरले आणि काय ठरले नाही, याची नोंद ठेवावी. आणि एवढे झाल्यावर आपले मत जपून वापरावे. शलाका पुन्हा घेण्याचा मोह तर टाळावाच.

मेंढ्याच्या सभेची खरी परीक्षा दिल्लीच्याच कायद्याने झाली. संसदेने २००६ साली वनहक्क कायदा केला आणि त्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू तोडून बाहेर नेण्याचा परवाना वनखाते देईना. बांबू हे झाड की गवत, हा वाद पुढे करण्यात आला. गावाने वाट पाहिली, अभ्यास केला, अर्ज केले, प्रतीकात्मक विक्रीही केली. मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांना पत्र लिहून बांबू हे गौण वनोपज असल्याचे कळवले. २७ एप्रिल २०११ रोजी ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या स्वाधीन केले. बांबू कोणाला, किती आणि कोणत्या भावाने विकावयाचा, हा विषय मग गावाच्या सभेपुढे आला.