नागासाकीचे नाके आणि पहिला वाचक

जकातनाक्याचे नियम हा साहित्याच्या अभ्यासकाचा विषय आहे, असे म्हटले तर ते काहीसे चमत्कारिक वाटेल. जकात म्हटली की दर, दाखले आणि दंड एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु कोणता माल आत येऊ द्यावयाचा आणि कोणता नाही हे ठरविताना राजसत्ता आपल्या मनातील भीतीचीच यादी करीत असते. तोकुगावा काळातील नागासाकी बंदरात ही यादी विशेष स्पष्टपणे वाचता येते.

ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या भीतीने १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीजांना आपली बंदरे बंद केली. युरोपीयांपैकी डचांना तेवढी मुभा उरली, कारण त्यांना व्यापार हवा होता, धर्मांतरे नव्हेत. १६४१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार नागासाकीतील देजिमा या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर हलविण्यात आली. याच कंपनीची एक वखार त्या काळी आपल्या वेंगुर्ल्यातही होती. पण देजिमाची गोष्ट निराळी. शहराशी जोडणारा एकच पूल, आणि त्यावर कडक पहारा.

येथील झडती कशी चाले याचे वर्णन १७७५ मध्ये तेथे पोहोचलेल्या थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने करून ठेवले आहे. खलाशांजवळची बायबले आणि प्रार्थनापुस्तके गोळा करून एका पेटीत घालीत व पेटीला खिळे ठोकीत. परतीच्या वेळीच ती उघडे. लोण्याच्या पिंपांत लोखंडी सळया खुपसल्या जात, चीज भोसकून पाहिले जात, एखाद-दुसरे अंडेसुद्धा फोडले जाई. तोवर कप्तानाची मात्र झडती होत नसे. त्यामुळे तो ऐसपैस डगला घालून त्यात चोरटा माल भरून नेई आणि कित्येकदा त्या ओझ्याने त्याला दोन खलाशांच्या आधाराने चालावे लागे. त्या वर्षी ही सवलत रद्द झाली. एरवी लठ्ठ दिसणारा कप्तान एकाएकी सडपातळ झालेला पाहून जपानी लोक चकित झाले, असे थुनबर्ग नोंदवितो.

ही गंमत झाली. पण अंडे फोडून पाहता येते, तसे पुस्तक फोडून पाहता येत नाही. ते वाचावे लागते. नागासाकीला चिनी जहाजेही येत आणि त्यांतून ग्रंथ येत. १६३० च्या बंदीहुकमाने माटेओ रिची आणि इतर जेझुइटांचे चिनी भाषेतील ग्रंथ निषिद्ध ठरले. त्यांत युक्लिडच्या भूमितीचे भाषांतरही होते. मजकूर नव्हे, तर लेखकाचा पंथ हा निकष होता. पुढे ग्रंथतपासणीचे काम मुकाई घराण्याकडे वंशपरंपरेने आले. आलेल्या ग्रंथांचा सारांश लिहून वरिष्ठांकडे धाडण्याची पद्धत पडली. म्हणजे ज्या नाक्याने पुस्तके अडवावयाची, त्यानेच ती सर्वांत आधी आणि सर्वांत बारकाईने वाचावयाची. त्याला देशातील पहिला वाचक म्हणावे लागेल.

१७२० मध्ये शोगुन योशिमुने याने पंचांगसुधारणेच्या गरजेतून ही बंदी सैल केली आणि धर्मप्रचार नसलेल्या ग्रंथांना वाट मिळाली. पुढील अर्धशतकात डच विद्येचा अभ्यास वाढला. १७७४ मध्ये सुगिता गेनपाकु आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डच शरीरशास्त्राच्या ग्रंथाचे भाषांतर ‘काइताई शिन्शो’ या नावाने प्रसिद्ध केले. प्रारंभी त्यांना डच भाषा जेमतेमच येत होती. एकेका शब्दाशी झगडत हे काम झाले.

तरीही या हकिगतीला सुखान्त मानणे घाईचे ठरेल. ताकाहाशी कागेयासु या सरकारी ज्योतिर्विदाने क्रूझेनश्टर्नचे प्रवासवर्णन मिळावे म्हणून देजिमावरील डॉक्टर सिबोल्ट याला जपानच्या नकाशांच्या प्रती दिल्या. नकाशे परकीयांना देणे हा गुन्हा होता. १८२८ मध्ये त्याला अटक झाली व पुढच्या वर्षी तो तुरुंगातच मरण पावला. सिबोल्टला हद्दपार करण्यात आले. एका पुस्तकाची एवढी किंमत मोजावी लागते, हे ग्रंथालयातून सहज पुस्तके आणणाऱ्या आपल्याला विसरता कामा नये.

जपानच्या या धोरणाला ‘साकोकु’, म्हणजे ‘कुलूपबंद देश’, असे म्हणतात. मात्र ज्यांनी हे निर्बंध घातले त्यांचा हा शब्द नव्हे. देजिमावर राहून गेलेल्या केंपफर या जर्मन वैद्याने जपानच्या या अलिप्ततेचे समर्थन करणारा निबंध लिहिला होता. त्याच्या ग्रंथाची डच आवृत्ती जपानात पोहोचली आणि १८०१ मध्ये शिझुकी तादाओ या नागासाकीच्या माजी दुभाष्याने त्या निबंधाचे भाषांतर करताना हा शब्द घडविला. बंद दाराचे नावसुद्धा त्याच दारातून, बाहेरच्या पुस्तकासोबत आत आले.

भाषांतराचा इतिहास शिकविताना आपण भाषांतरकारांची आणि ग्रंथांची नावे सांगतो. त्याआधी तो ग्रंथ कोणत्या बंदरात, कोणत्या नियमाखाली आणि कोणाच्या नजरेखालून गेला, हेही विचारावयास हवे. नागासाकीच्या संदर्भात तरी हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही.