बांध वेगळा, भराव वेगळा

मुंबई म्हणजे समुद्रात भर घालून केलेलं शहर, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. ते अर्धंच खरं आहे. समुद्राकाठी माणूस तीन निराळी कामं करतो आणि मराठीत त्यांना तीन निराळे शब्द आहेत : धक्का, बांध, भराव. आपण मात्र सगळ्याला सरसकट ‘रिक्लेमेशन’ म्हणून मोकळे होतो. त्याचा अर्थ परत मिळवणं. मुळात समुद्राचं होतं ते ‘परत’ कसं मिळवलं, हे ज्याने शब्द वापरला त्यालाच ठाऊक.

धक्का म्हणजे पाण्याच्या कडेला उभी केलेली भिंत आणि तिच्यामागची पक्की जागा. बोट तिला लागते आणि माणसं चिखलात पाय न घालता उतरतात. कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात कारकून असलेल्या लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊंनी एकोणिसाव्या शतकात असा धक्का बांधला. आजचा माझगावचा भाऊचा धक्का मूळ जागेवर नाही. नाव तेवढं सोबत सरकलं. मोरा-रेवसच्या लाँचा तिथूनच सुटतात. बंदर हा शब्द याहून ऐसपैस, जिथे नावा आसऱ्याला थांबतात ती जागा. (मशीद बंदरला उतरून मात्र बंदर शोधू नका, फलाटावरून समुद्र दिसत नाही.) आणि गोदीत दरवाजे लावून पाणी आत कोंडता येतं, म्हणजे ओहोटीतही जहाज तरंगत राहतं. १८७५ सालचा ससून डॉक अशीच गोदी.

बांधाचं काम उलटं. तो पाणी बाहेर अडवतो. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी थेट बेटांच्या मधल्या सखल भागात शिरायचं. विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना, म्हणजे १७७१ ते १७८४ या काळात, तिथे बांध पडला. त्याला म्हणतात हॉर्नबी वेलार्ड. वेलार्ड हे पोर्तुगीज ‘वलादो’चं बिघडलेलं रूप, अर्थ कुंपण किंवा बांध. हाजीअलीसमोरचा लाला लजपतराय मार्ग त्याच्यावरूनच जातो.

इथे खरी मेख आहे. बांधाने पाणी अडतं, जमीन उंच होत नाही. समुद्र मागे हटला तरी मधला पट्टा बशीसारखा खोलगटच राहिला. पुढे ठिकठिकाणी भर पडली, पण बशीचा आकार काही पुरता गेला नाही. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की पाणी आपसूक समुद्रात जाऊ शकत नाही, पंपाने उपसून टाकावं लागतं. परळ-दादरच्या मधला हिंदमाता परिसर का तुंबतो, याचं अर्धं उत्तर या सखलपणात आहे. आता तर पावसाचं पाणी साठवायला तिथल्या दोन मैदानांखाली भूमिगत टाक्या बांधल्यात.

भराव म्हणजे प्रत्यक्ष माती-दगड टाकून पाण्याच्या वर जमीन आणणं. याची सगळ्यात गाजलेली गोष्ट बॅकबेची. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपलं बीडीडी, स्थापन झालं. दगडांची सागरी भिंत घालायची आणि बंदरातला गाळ उपसून नळांनी तिच्यामागे सोडायचा, असा बेत होता. गाळ पुरेसा येईना आणि आलेला भिंतीच्या फटींतून परत समुद्रात जाऊ लागला! आठ ब्लॉक भरायचे होते, त्यातले चारच हाती लागले. लोक त्याला ‘लॉइडचा मूर्खपणा’ म्हणू लागले.

याच खात्याकडे आणखी एक काम होतं : गिरणगावातल्या कामगारांसाठी ५०,००० खोल्या. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया कर बसला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी आणि साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. समुद्राला हटवायला निघालेल्या खात्याचं नाव आज टिकलं ते या चाळींमुळे. त्याही आता पाडल्या जातायत आणि रहिवासी ५०० चौरस फुटांच्या घरात जातायत.

बॅकबेच्या भानगडी चव्हाट्यावर आणल्या त्या के. एफ. नरिमन यांनी. खात्यातल्या हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, नरिमन निर्दोष सुटले. स्वातंत्र्यानंतर बॅकबेत पुन्हा भराव पडला आणि त्याच्या टोकावरच्या काचेच्या इमारतींच्या भागाला नाव मिळालं नरिमन पॉइंट.